विमा विकायची नोकरी धरायची का? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या माणसासाठी

"महिना पंचवीस हजार, पेट्रोल वेगळं, दहावी पास चालेल, अनुभवाची गरज नाही." अशी जाहिरात व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येते. फोन केला की "उद्या सकाळी दहाला ऑफिसला या" एवढंच सांगतात. गेल्यावर चहा मिळतो, भिंतीवर परदेश सहलीचे फोटो दिसतात आणि अर्ध्या तासात एक फॉर्म पुढे येतो. त्या फॉर्मवर सही करायच्या आधी काय विचारायचं, घरी बसून कोणता हिशेब मांडायचा आणि होकार दिलाच तर पहिले तीन महिने काय सांभाळायचं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

पहिली पायरी: ही नक्की कसली नोकरी आहे?

"इन्शुरन्समध्ये लागला" या एका वाक्याखाली आपल्याकडे चार-पाच वेगळी कामं येतात. बहुतेकांची फसगत इथेच होते.

एजंट हा कंपनीचा नोकर नसतो. त्याला पगार, पीएफ, रजा यातलं काहीच नाही. पॉलिसी झाली तर कमिशन, नाही झाली तर शून्य. मग तो सरकारी कंपनीचा एजंट असो की खासगी कंपनीचा. एका माणसाला एक जीवन विमा कंपनी, एक जनरल विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी अशी एजन्सी घेता येते. दोन जीवन विमा कंपन्यांची एकदम घेता येत नाही, पॅन नंबरवरून ते लगेच सापडतं.

सेल्स मॅनेजर किंवा एजन्सी मॅनेजर हा पगारी माणूस. पण त्याचं खरं काम पॉलिसी विकण्यापेक्षा एजंट भरती करून त्यांच्याकडून धंदा आणायचं असतं. तुम्हाला ज्याने चहा पाजला, तो बहुधा हाच. त्याला या महिन्यात अमुक इतके नवे एजंट कोड (एजंट म्हणून नोंदणीचे नंबर) काढायचे असतात आणि तुम्ही त्यातला एक कोड असता. तो माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याचा सल्ला ऐकताना हे लक्षात असू द्या.

बँकेच्या काउंटरवर बसणारा विमा प्रतिनिधीही पगारीच. ग्राहक शोधत हिंडावं लागत नाही, हे यातलं सुख. दुःख असं की एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि कर्ज मागायला आलेल्या दुकानदाराला पॉलिसी चिकटवण्याचा दबाव रोज असतो. कर्ज हवं तर पॉलिसी घ्याच, अशी सक्ती नियमात बसत नाही. ती करताना सही मात्र तुमची असते.

पीओएसपी म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन. १५ तासांचं प्रशिक्षण, छोटी परीक्षा, आणि ठरावीक सोप्या पॉलिसी विकायची मुभा. गाडीचा विमा काढणारे गॅरेजवाले आणि आरटीओ एजंट बहुतेक यातच असतात. जोडधंदा म्हणून हे ठीक आहे, घर त्यावर चालत नाही.

बायकांसाठी एलआयसीची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ पासून आहे. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी पास. पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, आणि कमिशन वेगळं. गावात "सरकार सात हजार पगार देतंय" एवढंच पोचतं, अट पोचत नाही. पहिल्या वर्षात २४ वेगवेगळ्या माणसांच्या पॉलिसी आणि बोनस सोडून ४८,००० रुपयांचं पहिल्या वर्षाचं कमिशन, ही ती अट. दुसऱ्या वर्षाचे पैसे मिळायला आधीच्या वर्षातल्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. हे विद्यावेतन आहे, नोकरी नाही. घरात आधीच कुणी एलआयसीचा एजंट किंवा कर्मचारी असेल तर जवळच्या नात्यातल्या बाईला ही योजना मिळत नाही. बचत संघात वर्षानुवर्षं हिशेब ठेवलेल्या बाईला हे काम जमण्याची शक्यता पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरापेक्षा जास्त आहे, असं आमचं मत आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा: "मला नेमणूक पत्र मिळणार की एजंट कोड?" उत्तर गोल गोल यायला लागलं की ते कोडच असतं.

दुसरी पायरी: पगारी नोकरी असेल तर पत्र नीट वाचा

पत्रावर कंपनीचं नाव आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या भलत्याच संस्थेचं, ते आधी बघा. दुसऱ्याच्या पेरोलवर असाल तर काढून टाकणं एका फोनचं काम असतं. मग "सीटीसी" (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) सोडून द्या आणि हातात दर महिन्याला ठरलेलं किती येणार तेवढंच विचारा. इन्सेन्टिव्ह धरून सांगितलेला आकडा हा पगार नाही.

टार्गेट विचारताना "महिन्याला किती?" एवढ्यावर थांबू नका. ते लॉगिनवर मोजतात की इश्यूवर? लॉगिन म्हणजे फॉर्म आणि पैसे जमा झाले, इश्यू म्हणजे कंपनीने पॉलिसी मंजूर केली. मधुमेही माणसाचा फॉर्म वैद्यकीय तपासणीत अडकला तर तुमचा महिना कोरा जातो. एकरकमी हप्त्याची पॉलिसी साधारणपणे दहा टक्केच धरतात. म्हणजे दोन लाखांची एकरकमी पॉलिसी आणून नाचायला लागलात तर टार्गेटमध्ये वीस हजारच चढतात. किती महिने टार्गेट चुकलं की राजीनामा मागतात, हेही विचारा. तीन महिने असं उत्तर आलं तर निदान ते खरं बोलतायत.

नोकरीसाठी डिपॉझिट, किटचे पैसे किंवा "आधी स्वतःची एक पॉलिसी काढा" अशी मागणी झाली की उठून या. परीक्षेची फी काही शे रुपयांची असते, त्यापलीकडे कुणाला काही द्यायचं नसतं. विमा नियामक आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि विमा कंपन्यांत नोकरीला माणसंही लावत नाही. त्या नावाने फोन आला तर तो फसवणुकीचाच.

तिसरी पायरी: वहीत हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता २०,००० रुपये, पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के आणि पुढच्या वर्षांचं ७.५ टक्के धरू. खरे दर कंपनीनुसार आणि प्लॅननुसार बदलतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाल्यावर काही कंपन्यांनी कमिशनला कात्री लावली आहे. त्यामुळे जुन्या एजंटाने तोंडी सांगितलेला दर धरू नका, चालू दरपत्रक मागा.

महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला २४ पॉलिसी झाल्या. हप्ता झाला ४,८०,००० रुपये, कमिशन १,२०,०००. वर्षाचं कमिशन २०,००० रुपयांच्या वर गेलं की २ टक्के टीडीएस कापतात, म्हणजे २,४०० रुपये. रिटर्न भरलं आणि कर लागत नसेल तर ते परत मिळतात. महिन्याला हातात येतात ९,८०० रुपये.

आता खर्च. बेळगावहून खानापूर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, स्कूटरला लिटरभराहून थोडं जास्त पेट्रोल. महिन्यात अशा बारा फेऱ्या आणि शहरातलं फिरणं, मोबाईल, झेरॉक्स, चहापाणी मिळून तीन हजार सहज जातात. उरले ६,८००. हे २४ पॉलिसी झाल्या तर! पहिल्याच वर्षी महिन्याला पंचवीस हजार हवे असतील तर याच हिशेबाने जवळजवळ ७० पॉलिसी काढाव्या लागतील.

मग लोक या धंद्यात टिकतात कशावर? जुन्या पॉलिसींवर. दुसऱ्या वर्षी आधीच्या २४ पैकी १७ जणांनी हप्ता भरला तर १७ गुणिले १,५०० म्हणजे २५,५०० रुपये जागेवर बसून येतात. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांच्या जुन्या पॉलिसींचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास. पाच-सात वर्षं अशी साठली की एजंट बुलेटवर दिसतो. लोकांना बुलेट दिसते, आधीची वर्षं दिसत नाहीत.

यावरून निर्णयाची साधी कसोटी निघते: निदान वर्षभराचा घरखर्च दुसरीकडून निघतो का? घरात शेती, दुसऱ्याचा पगार, पेन्शन किंवा आपलं दुकान असेल तर एजन्सी घेऊन बघायला हरकत नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल आणि घराचा हप्ताही चालू असेल तर पगारी जागा शोधा, किंवा हातातली नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी सुरू करा. उद्यमबागला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याला दुपारनंतरचा वेळ मिळतो, तेवढा सुरुवातीला पुरतो.

चौथी पायरी: नावांची यादी, आणि तिच्यावर काट

कंपनीत पहिल्याच दिवशी शंभर ओळखीची नावं लिहायला लावतात. तीच यादी होकार द्यायच्या आधी घरी लिहा. मग तीन वेळा काट मारा. ज्यांच्या घरात किंवा भावकीत आधीच एजंट आहे ती नावं पहिल्यांदा जातील. बेळगावात गल्लीगणिक एक एजंट आहे, त्यामुळे इथेच यादी बरीच आटते. दुसऱ्यांदा वर्षाला वीस हजार काढणं ज्यांना खरंच जड आहे ते. तिसऱ्यांदा ज्यांच्या दारात जाऊन पैशाचं बोलणं तुम्हाला जमणार नाही ते.

पन्नासच्या वर नावं उरली तर सुरुवातीचं भांडवल आहे. वीसच उरली तर मामा, आत्या आणि दोन मित्र संपले की चौथ्या महिन्यात काम थांबतं. सोडून जाणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके इथेच सोडतात. कंपनीचं मात्र फारसं बिघडत नाही, मामाची पॉलिसी तिच्याकडेच राहते.

पिग्मी (दुकानदारांची रोजची बचत) गोळा करणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. तो रोज तीस-चाळीस दुकानांच्या पायऱ्या चढतो, कुणाचा धंदा कसा चाललाय ते त्याला गल्ल्यावरून कळतं. फक्त पिग्मीचे आणि हप्त्याचे पैसे एका पिशवीत घालायचे नाहीत. ग्राहकाकडून घेतलेला हप्ता कमिशन न कापता २४ तासांत कंपनीकडे भरायचा, असं कायदाच सांगतो. त्याहून बरं म्हणजे ग्राहकाला स्वतःच्या फोनवरून किंवा चेकने भरायला लावा. पतसंस्था बुडाल्याचे चटके या भागाने खाल्ले आहेत. पावती लगेच हातात न देणाऱ्याकडे लोक दुसऱ्यांदा बघत नाहीत.

पाचवी पायरी: परीक्षा आणि कागद

वय १८ पूर्ण, दहावी पास. एसएसएलसी मार्क्स कार्ड, आधार, पॅन, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि फोटो लागतात. अडतं ते नावावर. मार्क्स कार्डावर "पाटील एम. वाय.", आधारवर "मारुती यल्लाप्पा पाटील" आणि पॅनवर आडनावच गायब, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. अर्ज करायच्या आधी पॅन आणि आधार जुळवून घ्या, नाहीतर परीक्षा पास होऊनही कोड अडकतो.

प्रशिक्षण साधारण २५ तासांचं, बऱ्याचदा ऑनलाइन. परीक्षेला आयसी-३८ म्हणतात: एक तास, ५० प्रश्न, पर्याय निवडायचे, चुकीला गुण कापत नाहीत, ३५ टक्क्यांना पास. पेपर मराठीतूनही देता येतो. नोंदणी करणारा माणूस सवयीने इंग्रजी किंवा कन्नडवर टिक करून टाकतो, म्हणून फॉर्म भरताना शेजारी उभे राहा. मराठी पुस्तकातले काही शब्द इतके जड आहेत की "विमायोग्य हितसंबंध" वाचून मराठी माणूसच घाबरतो. इंग्रजी शब्द सोबत लिहून ठेवा; ऑफिसात सगळे तेच बोलतात.

सहावी पायरी: सही करायच्या आधी आठ दिवस कुणाच्या तरी मागे फिरा

चांगला चाललेला एजंट गाठा आणि आठ दिवस त्याच्या गाडीवर मागे बसा. किती दारं बंद मिळतात, किती ठिकाणी "पुढच्या महिन्यात बघू" ऐकायला मिळतं, ते मोजा. त्याला एकच गोष्ट विचारा: तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती? म्हणजे पहिल्या वर्षी काढलेल्या पॉलिसींपैकी दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती ठिकाणी आला. जो माणूस हा आकडा न अडखळता सांगतो, त्याच्याकडून शिकावं.

सातवी पायरी: एजन्सी घेतलीत, तर पहिल्या तीन महिन्यांत कुठे घसरतं

सीमाभागातली पहिली अडचण भाषेची. ग्राहक मराठी, फॉर्म इंग्रजी किंवा कन्नड, आणि सही मराठीत. अशा वेळी फॉर्ममध्ये एक वेगळं निवेदन असतं: मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला, असं सांगणाऱ्याने सही करून द्यायचं. नवे एजंट ही जागा कोरी सोडतात, नाहीतर चहाच्या टपरीवर कुणाची तरी सही घेतात. ग्राहकाच्या घरातल्या शिकलेल्या पोराला बसवून खरंच वाचून घ्या. पॉलिसीची थोडक्यात माहिती देणारं पत्रक ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेत द्यावं लागतं, तेही मागून घ्या.

पॉलिसी होण्याआधी कंपनीचा पडताळणी फोन येतो. पत्ता कर्नाटकचा म्हणून तो कन्नडमधून येतो आणि येळ्ळूरची आजी नुसतं "हां हां" म्हणते किंवा फोन ठेवून देते. मग पॉलिसी अडकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न समजता दिलेला होकार रेकॉर्डवर जातो. फॉर्मवर संपर्काची भाषा मराठी लिहा आणि फोन येणार हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. तुम्हालाही कामापुरतं कन्नड हवंच: कंतू म्हणजे हप्ता, विमे म्हणजे विमा, मरण प्रमाण पत्र म्हणजे मृत्यूचा दाखला. चिकोडी, अथणीकडे गेलात की याच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. एजन्सीला राज्याची हद्द नाही, चंदगड-गडहिंग्लजलाही पॉलिसी विकता येते. फक्त तक्रार उद्भवली तर बेळगावच्या ग्राहकाचा विमा लोकपाल बेंगळुरूचा आणि चंदगडच्या ग्राहकाचा पुण्याचा, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी घसरण तंबाखूची, आणि ती पोटाला चिमटा काढणारी आहे. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, "तंबाखू कोणत्याही स्वरूपात?" निपाणीकडची बाई "नाही" म्हणते आणि ते तिच्या दृष्टीने खरंच असतं, कारण सकाळी दात घासायची मिश्री ती तंबाखूत धरत नाही. गडी माणूस विडी सांगतो, चुना-तंबाखू सांगत नाही. "तंबाखू खाता का?" असं विचारू नका. "मिश्री लावता का, तपकीर ओढता का, गुटखा, मावा, विडी?" असं एकेक नाव घेऊन विचारा आणि "हो" आलं तर "हो"च लिहा. हप्ता वाढेल, कदाचित ग्राहकही जाईल. पण पहिल्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी जुने दवाखान्याचे कागद उकरून काढते. लपवलेलं सापडलं की दावा नाकारला जातो आणि त्या घरासमोरून तुम्हाला आयुष्यभर मान खाली घालून जावं लागतं. बीपी, साखर, जुनं ऑपरेशन, सगळ्यालाच हे लागू आहे. तीन वर्षं झाली की कंपनीला त्या कारणावरून पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही.

तिसरी घसरण हप्त्याच्या तारखेची. ऊसवाल्याच्या हातात पैसा कारखान्याचं बिल आल्यावर येतो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, बिलं उन्हाळ्यापर्यंत येत राहतात. मार्चमध्ये टार्गेटच्या घाईत सहामाही हप्त्याची पॉलिसी काढली की दुसरा हप्ता सप्टेंबरात येतो, नेमका घरात दमडी नसताना. वार्षिक हप्ता आणि मार्चची तारीख असेल तर तोच माणूस वर्षानुवर्षं भरतो. जूनमध्ये काढलेली पॉलिसी दर जूनला बियाणं, खत आणि शाळेच्या फीशी भांडते. वडगाव-खासबागच्या मागवाल्याला मात्र मासिक हप्ताच सोयीचा, कारण त्याचा पैसा थोडा थोडा पण सतत येतो. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५. डायरीत देय तारखेच्या वीस दिवस आधी खूण करा. फोन तेव्हा करायचा, सवलत संपत आल्यावर नाही.

चौथी: "कमिशनमधलं मला किती देणार?" पेठेतला दुकानदार हे हसत हसत विचारतो, पण विचारतोच. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी एका पॉलिसीच्या ५,००० कमिशनमधले ३,००० परत दिले की पेट्रोल जाऊन हातात काही राहत नाही. शिवाय फुकटात पॉलिसी मिळालेला माणूस दुसऱ्या वर्षी हप्ता भरत नाही, पुढच्या एजंटाकडे नवी फुकट पॉलिसी मागतो.

पाचवी: आलेलं कमिशन लगेच खर्च करणं. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ग्राहक ती परत करू शकतो आणि परत केली की तुमचं कमिशन पुढच्या बिलातून वळतं होतं. पॉलिसीची प्रत ग्राहकाकडे पोचून महिना होईपर्यंत ते पैसे आपले धरू नका.

आरोग्य विमा विकायला गेलात की पहिला प्रश्न येईल, "यशस्विनी आहे की, मग हे कशाला?" कर्नाटक सरकारच्या या आरोग्य योजनेला नावं ठेवू नका. सहकारी संघाच्या सभासदांसाठी ती चांगली आहे, खेड्यात चार जणांच्या कुटुंबाला ५०० रुपयांत मिळते. ग्राहक एरवी ज्या दवाखान्यात जातो तो तिच्या यादीत आहे का, हवी ती शस्त्रक्रिया बसते का, घरातले सगळे धरले आहेत का, हे त्याच्यासोबत बसून तपासा. सगळं बसत असेल आणि ऐपत बेताची असेल तर पॉलिसी न विकता उठा. सोबत बँकेतून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा काढायला सांगा. यात तुम्हाला दमडी मिळत नाही, पण त्या घरातून पुढची दोन नावं मिळतात.

थांबायचं कधी

सुरू करतानाच कॅलेंडरवर दोन तारखा लिहून ठेवा. सहाव्या महिन्याच्या शेवटी बघा: नातेवाईक आणि मित्र सोडून, कुणीतरी नाव सुचवल्यामुळे झालेल्या पॉलिसी किती? एकही नसेल तर काम तुमच्या ओळखीवर चाललं आहे आणि ओळख संपणारच. चौदाव्या महिन्यात पर्सिस्टन्सी बघा. निम्म्याहून कमी हप्ते आले असतील तर एकतर चुकीच्या माणसांना विकलंय, नाहीतर चुकीच्या तारखेला. दुसरी चूक दुरुस्त होते.

सोडायचं ठरलं तर नुसतं जाणं बंद करू नका. लेखी राजीनामा द्या आणि कोड बंद झाल्याचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर पुढे दुसऱ्या जीवन विमा कंपनीत नाव अडकतं. किती वर्षं काम केल्यावर जुन्या पॉलिसींचं कमिशन चालू राहतं हे करारात बघा. काहींना तीन महिने अजून थांबलो असतो तर बरं झालं असतं, हे नंतर कळतं. आणि जायच्या आधी प्रत्येक ग्राहकाला त्याचा पॉलिसी नंबर, देय तारीख आणि शाखेचा फोन एका कागदावर लिहून द्या. ती माणसं तुमच्या गल्लीतलीच आहेत.